उभ्यानं निंदण

माझी आत्या इंदूबाई भांडकुदळ आहे. हे मी तिला तोंडावर सांगितलेलं आहे, आणि त्यावर तिनं "मंग?" एवढंच विचारलेलं आहे. दिग्रसपासून बारा किलोमीटरवर बोरखडी नावाचं गाव आहे. तिथं ती सोळाव्या वर्षी लग्न होऊन आली. तिचा नवरा, डोमाजीमामा, दिग्रसच्या जिनिंगमध्ये गाठी उचलतो. घरी शेत नाही. बौद्धपुऱ्यातल्या चौदा बायकांच्या टोळीची आत्या मुकादम. कपाशीच्या पऱ्हाटीतलं, सोयाबीनमधलं गवत काढायचं, म्हणजे निंदायचं, हे तिचं काम. उकिडवं बसायचं, हातात वीतभर खुरपं धरायचं आणि बसल्या बसल्या बदकासारखं पुढं सरकायचं. अशी तिनं तीस वर्षं काढली.

दोन वर्षांपूर्वी तिची कंबर गेली. दिग्रसच्या डॉक्टरनं फोटो पाहिला आणि सांगितलं की मणक्यातली गादी झिजली, आता वाकायचं बंद करा.

"वाकाचं बंद करू, मंग खाऊ काय? गादी?" असं म्हणून ती दवाखान्यातून उठून आली. गोळ्यांची चिठ्ठीही तिथंच टेबलावर ठेवून आली.

मी दिग्रसला एका कॉलेजात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवत होते. एम. ए.च्या पोरांना अमेरिकेचा इतिहास होता. मागच्या जूनमध्ये एका रविवारी मी आत्याकडं गेले होते आणि ओसरीवर बसून चिकानो चळवळीच्या नोट्स काढत होते. आत्या तूर निवडत होती.

"काय लिवून राह्यली वं?"

मी सांगू लागले. मेक्सिकोकडून आलेली माणसं, कॅलिफोर्नियाच्या मळ्यांत मजुरी करणारी. त्यातले काही तर कुठूनच आलेले नव्हते. त्यांचे पूर्वज आधीपासून त्याच जमिनीवर होते. लढाई झाली, अमेरिकेनं मुलूख घेतला, आणि ही माणसं आपल्याच घरात परकी झाली. चिकानो हा शब्द आधी लोक हिणवायला वापरायचे. नंतरच्या पोरांनी तोच उचलला आणि छाती पुढं काढून सांगितला.

"त्यायची जात कोन?" आत्यानं विचारलं.

"तिकडं आपल्यासारखी जात नसते, आत्या."

"नसते कशी? मजुरी कोन करे अन् मळा कोनाचा, थे सांग."

मी सांगितलं. ती हुं म्हणाली आणि परत तूर निवडू लागली. मग मी मोबाइलवर एक जुना फोटो दाखवला. लांबच लांब मळा, आणि कंबरेत मोडल्यासारखी वाकलेली माणसं. त्यांच्या हातात आखूड दांड्याची कुदळी होती. तिला ते आपल्या भाषेत 'एल कोर्तितो' म्हणत, म्हणजे छोटुकली. दिवसभर तिच्यावर वाकून माणसं तिशीत म्हातारी होत. लांब दांड्याची कुदळी जगात होती, मालकांना माहीतही होती. पण मालक म्हणायचे की लांब दांड्यानं रोप कापलं जातं, काम बारीक होत नाही.

"खरं कारण मात्र..." मी म्हणाले.

"सांगू नको," आत्या म्हणाली. "वाकलेली दिसली म्हंजे बाई काम करून राह्यली. उभी दिसली म्हंजे कामचोर. धुऱ्यावरून मालकाले मोजाले सोपं जाते."

पुस्तकात नेमकं हेच लिहिलं होतं. मला ते समजायला चाळीस पानं लागली होती.

"मंग पुढं?"

"मजूर कोर्टापर्यंत गेले. एकोणीसशे पंच्याहत्तर साली राज्यानं ती छोटुकली बंद केली."

आत्यानं सूप खाली ठेवलं. "पंच्याहत्तर साली मी पैदाच झाली नोती," ती म्हणाली. "अन् हे तू मले आज सांगून राह्यली?" तिचा आवाज असा होता, जणू खुरपं मीच तिच्या हातात दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती दिग्रसला पूनमसिंग लोहाराकडं गेली. खुरप्याचं पातं तेवढंच ठेवून, आतल्या बाजूला वळवून, छातीइतक्या उंच बांबूला बसवून दे म्हणाली. पूनमसिंग हसला, पण त्यानं केलं. पहिलं पातं रुंद झालं. आत्यानं परसातल्या भेंडीवर चालवून पाहिलं तर चार रोपं आडवी झाली. दुसरं बोथट निघालं. तिसऱ्याला तिनं लोहाराच्या समोर बसून, पातं बोटानं मोजून, त्याच्याशी भांडून हवं तसं करून घेतलं. मग चौदा करवून आणली. आठ दिवस टोळीतल्या बायका संध्याकाळी गायरानावर गवत तासत उभ्या असायच्या. पोरं टाळ्या वाजवायची. सुखीबाई नावाची टोळीतली सगळ्यात थोरली बाई तिसऱ्या दिवशी म्हणाली, "इंदे, माह्ये गुडघे आज बोंबलले नाई वं."

जुलैत निंदणाचं पहिलं बोलावणं बापूजींचं आलं. बापूजी म्हणजे बोरखडीतले चाळीस एकरवाले, सोसायटीचे माजी अध्यक्ष. टोळी सकाळी शेतात उतरली, उभ्यानं. दहा वाजता बापूजी आणि त्यांचा मुलगा अक्षय मोटारसायकलवर आले.

"हे काय सोंग हाय, इंदे?"

"निंदून राह्यलो, बापूजी. पाहून घ्या, एक बी झाड कापलं नाई."

"उभ्यानं? आज उभ्यानं निंदता, उद्या खुर्च्या मागसान."

"खुर्ची तुमाले लागते, आमाले कंबर लागते."

बायका हसल्या. ते हसणं बापूजींना झोंबलं. आजवर त्यांच्या शेतात त्यांच्यावर कुणी हसलं नव्हतं.

"बसून निंदा, नाई तं चालत्या व्हा. माह्या वावरात फॅशन नाई चालत."

आत्या जागची हलली नाही. अक्षय खाली उतरला, तिच्या हातातलं खुरपं हिसकलं, बांबू धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, आडवा टाकला आणि त्यावर पाय देऊन मोडला. पातं उडून मातीत पडलं. आत्यानं ते उचललं, पदराला पुसलं आणि बायकांना म्हणाली, "चाला." अर्धी ओळ तशीच सोडून चौदाही जणी बांधाबाहेर आल्या.

त्या दिवसापासून गावानं दात दाखवले. बौद्धपुऱ्यातून दिग्रसच्या सडकेला जायची पायवाट बापूजींच्या धुऱ्यावरून जाते. तिथं काट्या टाकल्या. बकऱ्यांसाठी बांधावरचं गवत कापायला मनाई झाली. मजुरांना नेणारी जीप पुऱ्यापाशी थांबेना, आता ती सडकेवरच उभी राही. दुकानदार सामान द्यायचा, पण हातात न देता फळीवर ठेवायचा. हे तर आत्याच्या बापाच्या काळात होतं, ती म्हणाली, मधे थोडं लपलं होतं एवढंच. गावाच्या व्हॉट्सॲप गटावर अक्षयनं माझा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'मजुरांना भडकवणारी मॅडम'. तो फोटो फिरत फिरत माझ्या प्राचार्यांकडं पोचला.

"मॅडम, अभ्यासक्रमातलं तेवढं शिकवा," प्राचार्य म्हणाले.

"हे अभ्यासक्रमातलंच आहे, सर. तिसरं प्रकरण."

"मग वर्गात शिकवा. गावात कशाला?"

पुढच्या सत्रात मला बोलावणं आलं नाही.

सहाव्या दिवशी बापूजींनी तांड्यावरच्या बायका आणल्या. जमनी बंजारीण त्यांची मुकादम. त्या बसून निंदायला तयार होत्या. आत्याला कळलं तशी ती पिसाळली. "जमनीच्या झिंज्या उपटतो," म्हणून चपला घालू लागली. मी त्या दिवशी तिथंच होते.

"आत्या, थांब. कॅलिफोर्नियात मालक हेच करायचे. फिलिपिनो मजूर संपावर गेले की मेक्सिकन आणायचे, मेक्सिकन गेले की फिलिपिनो. द्राक्षांच्या संपात दोघं एक झाले, तेव्हा..."

"मले ग्यान नको शिकवू! तुह्या ग्यानापायी चौदा घरच्या चुली थंड्या हायेत."

ती खोटं बोलत नव्हती. तरी मी तिच्या मागोमाग तांड्यावर गेले. जाताना तिनं एक लांब खुरपं बरोबर घेतलं. ते मारायला घेतलं होतं की दाखवायला, मला कळेना.

जमनी घरापुढं बाजेवर बसली होती. कंबरेला दवाखान्याचा पट्टा बांधलेला.

"आमचं काम कायले खाल्लं वं?" आत्या दुरूनच ओरडली.

जमनी उठली नाही. "आठ वर्षं झाले," ती म्हणाली. "आमी मजुरी वाढवा म्हनून दहा दिवस घरी बसलतो. तवा बापूजीच्या वावरात कोन गेलतं? सांग. तोंड हाय ना तुले?"

आजूबाजूच्या बायका गोळा झाल्या होत्या. मला ही गोष्ट ठाऊक नव्हती. तिनं कधी सांगितलीच नव्हती.

"मी गेलती," आत्या म्हणाली.

"अन् हापशीवर आमच्या पान्याच्या गुंड्या कोनं मांगं सारल्या?"

"थे बी मीच."

"मंग कोन्या तोंडानं आली?"

"ह्याच." आत्यानं खुरपं तिच्या बाजेला टेकवून ठेवलं. "माफी मागाले नाई आली. तुह्या कमरेले पट्टा हाय, माही बी कंबर गेली हाय. हे घे. तुह्या परसात चालवून पाय. मंग शिव्या दे, मी आयकाले येतो."

जमनीनं खुरप्याकडं पाहिलंही नाही. आम्ही परतलो. घरी आल्यावर आत्या म्हणाली, "आठ वर्षं मनात ठेवलं बाईनं. मी असती तं मी बी ठेवलं असतं."

पुढं दोन दिवस काहीच झालं नाही. तिसऱ्या दिवशी पाऊस उघडला आणि शेतं गवतानं भरली. अशा वेळी आठवडाभर निंदण हुकलं की पऱ्हाटी गुदमरते, हे लहान पोरालाही कळतं. त्या सकाळी जमनीच्या टोळीतल्या बायका बापूजींच्या धुऱ्यापर्यंत आल्या आणि तिथंच उभ्या राहिल्या. जमनीच्या हातात आत्याचं खुरपं होतं. बाकीच्यांच्या हातात काहीच नव्हतं.

"पूनमसिंगले सांगतलं हाय," जमनी बापूजींना म्हणाली. "परवा येते आमचे लांब खुरपे. तवर आमी निंदत नाई."

बापूजी तिला नको नको ते बोलले. तिच्या आईबापाचं काढलं, तांड्याचं काढलं. जमनी ऐकत उभी राहिली आणि शेवटी म्हणाली, "झालं? मंग गवत तुमीच उपटा." त्यांनी खरंच प्रयत्न केला. अक्षय आणि घरचे दोन गडी दिवसभर शेतात बसले. संध्याकाळी अक्षयला उठताना गड्याचा हात धरावा लागला, ही बातमी रात्रीच्या आत पुऱ्यात आणि तांड्यावर एकदमच पोचली.

त्यानंतर पाचव्या दिवशी बापूजींची पत्नी विमलताई पुऱ्याच्या तोंडाशी येऊन उभ्या राहिल्या. आत आल्या नाहीत. नवऱ्यानं पाठवलं आहे हे त्यांच्या कपाळावरच्या आठ्यांवरून दिसत होतं.

"या निंदाले," त्या म्हणाल्या. "कशा बी निंदा. पन झाड कापलं तं त्या दिवसाची मजुरी नाई."

"बसून निंदलं तवा झाड कापत होतो का?" आत्यानं विचारलं.

"नाई."

"मंग उभ्यानं काहून कापू?"

"नाई कापत," विमलताई म्हणाल्या आणि पाठ फिरवून गेल्या.

तांड्यावरही तोच निरोप गेला आणि बापूजींच्या चाळीस एकरांत दोन्ही टोळ्या निंदायला उतरल्या. वीस एकर पुऱ्याचं, वीस एकर तांड्याचं. मधल्या बांधावरून आत्या आणि जमनी एकमेकींवर खेकसत होत्या. कोणाची ओळ वाकडी, कोणी गवताचं मूळ मातीतच सोडलं. दुपारी दोन्ही टोळ्या दोन वेगळ्या झाडांखाली जेवल्या. कुणी कुणाला भाकर दिली नाही. बापूजी पाणी द्यायला आले नाहीत, आणि ते आत्याशी आजतागायत बोलत नाहीत. आत्याची कंबरही बरी झालेली नाही. गादी एकदा झिजली की झिजली. पण दिवस संपल्यावर ती आता घरापर्यंत चालत येते. आधी मधे दोनदा बसावं लागायचं.

काट्या मात्र तशाच होत्या. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत आत्या उभी राहिली आणि पायवाट मोकळी करा म्हणाली. खुर्च्यांवरून गलका झाला. अक्षय उठून म्हणाला, "तुह्या भाचीनं तुले काय बी शिकवलं असंन. हे अमेरिका नोहे, इंदूबाई."

"मले माहीत हाय," आत्या म्हणाली. "तिथले मालक कोर्टात भांडाले तरी गेले. तू तं बांबू मोडते."

ठराव झाला नाही. सभा चहावर संपली. घरी येताना मी तिला विचारलं, आता काय? ती काट्यांकडं बघत पुढं चालत राहिली. माझी नोकरी गेल्याबद्दल ती कधी आपणहून बोललेली नाही. मी एकदा सांगितलं तेव्हा "लेक्चरं तं घरी बी देतंच असते तू" म्हणाली होती.

सोळा तारखेला सकाळी सात वाजता ती काट्यांपाशी गेली. मागं टोळीतल्या तेरा जणी, आणि बोलावलं नसताना आलेल्या तांड्यावरच्या अकरा. लांब खुरप्यांनी त्यांनी बाभळीच्या फांद्या बाजूला ओढल्या. पाच मिनिटांचं काम होतं. बापूजी ओसरीवरून पाहत होते. ओरडले, शिव्या दिल्या, खाली उतरले नाहीत.

"चाल वं, उभी काहून?" जमनी मागून आत्यावर खेकसली. "जीप जाईन."