साहेबाच्या मापाची खुर्ची

माझे थोरले भाऊ जळगावात एका शेठच्या जिनिंग कारखान्यात कारकून होते. अंगाने लहानखुरे, माझ्या खांद्याला लागत. गादीवर मांडी घालून, पुढ्यात उतरते मेज घेऊन ते दिवसभर सुखाने लिहीत. मग धुळ्याचा एक गोरा साहेब विलायतेला निघाला आणि त्याच्या सामानाच्या लिलावात शेठनी टेबलखुर्च्या घेतल्या. गाद्या उचलल्या गेल्या.

खुर्ची भाऊंच्या मापाची नव्हती. मागे टेकून बसले की पाय लोंबत. पाय टेकवायला पुढे सरकले की पाठीला आधार राहत नसे. बैठकीची कड मांडीत रुते. सुताराने पाहताच सांगितले, "खुर्चीचे पाय चार बोटं कापी टाकू, भाऊ." टेबलाचेही तेवढेच कापले की झाले. मजुरी भाऊ स्वतः देणार होते. शेठ म्हणाले, साहेबाच्या खुर्चीला करवत लागणार नाही.

भाऊंनी पायाखाली एक खोके ठेवले. हेडकारकुनांनी ते काढायला लावले. "पाटावर चढायला लग्न आहे का तुमचं?" सगळे हसले.

एका दुपारी भाऊ खुर्चीतच मांडी घालून लिहीत होते, आणि शेठ बाहेरगावच्या व्यापाऱ्यांना घेऊन आत आले. पाहुणे गेल्यावर शेठ म्हणाले, "खुर्चीत बसता येत नसेल तर फाटकावर काटा आहे. तिथं उभंच राहायचं असतं."

काटा उन्हात होता. तिथे दिवसभर कापसाच्या गाड्या तोलणे भाऊंना झेपणारे नव्हते. त्यांनी पाय खाली सोडले.

घरी येत तेव्हा पावले सुजलेली असत. वहिनी कढत पाण्यात मीठ घालून ती शेकत. बोटाने दाबले की खळगा पडे आणि बराच वेळ तसाच राही. पुढे एका पायाची सूज मांडीपर्यंत चढली. तरी ते जात राहिले. एके दिवशी छातीत कळ आली आणि ते त्या खुर्चीतच गेले.

तेरावा झाल्यावर मी त्यांची छत्री आणायला गेलो. त्यांच्या जागी शेठचा भाचा बसला होता, भाऊंहून थोडाच उंच. त्याची पावले फरशीवर सपाट टेकली होती. टेबलही खाली आले होते.

मी पाहत राहिलो, तेव्हा हेडकारकून म्हणाले, "त्याला त्रास होत होता. एका सकाळचं तर काम."

मग कोपऱ्यातले कापलेले तुकडे त्यांनी छत्रीबरोबर माझ्या हातात दिले. "सागवान आहे. वहिनींना म्हणावं, चुलीला होतील."

वहिनींनी ते तुकडे चुलीत सारले. त्या संध्याकाळचे पाणी त्यांवरच तापले.