प्रिस्का पाणी प्याली

प्रिस्का घोन्सालविस ऑफिसात पाणी पीत नाही, हे आमच्या पतपेढीत सगळ्यांना ठाऊक होतं. का पीत नाही, तेही ठाऊक होतं. पण ठाऊक नसल्यासारखं वागायची इतकी सवय झाली होती की नवीन माणूस आला की आम्ही त्याला सरळ सांगायचो, त्यांना पाणी लागतच नाही. जणू ती बाई नव्हती, कुंडीतलं निवडुंग होती.

प्रिस्का होळी गावची. लहानपणी पोलिओने दोन्ही पाय गेले. शाळा, कॉलेज आणि नोकरीची पहिली बरीच वर्षं तिने कुबड्यांवर काढली. थकबाकीदारांना फोन करायचं काम तिच्याकडे. गोड आवाजात विचारपूस करता करता समोरच्याला असं कोंडीत पकडायची की तो दुसऱ्या दिवशी सकाळीच हजर व्हायचा. चर्चच्या कार्यक्रमात आकडे खोडायचा हाऊजीचा खेळ असतो, त्यात ती लबाडी करते असं तिचा भाऊ प्लासिड सांगतो, आणि मला ते खरं वाटतं. डब्यात सुके बोंबील असले की झाकण पुरतं उघडायची नाही. देवदूत वगैरे ती अजिबात नाही, हे मी आधीच सांगून ठेवते, कारण आमच्या चेअरमननी तिचा देवदूत करायचा फार प्रयत्न केला.

मी तिच्या शेजारच्या टेबलावर बसते, त्यामुळे पुढचं सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलं.

आमचं टॉयलेट पोटमाळ्यावर. वर जायला लोखंडी जिना, तोही असा उभा की पावसाळ्यात धडधाकट माणसाने देवाचं नाव घेऊन चढावा. कुबड्या होत्या तोवर प्रिस्का कठड्याला धरून कशीबशी वर जायची. मग कुबड्यांनी खांदे निकामी केले आणि ती चाकाच्या खुर्चीवर आली. दारात उतार होता, कारण तो मोटारसायकली आत घ्यायला केलेला होता. तेव्हा खुर्ची आत आली आणि जिन्यापाशी थांबली. त्या दिवसापासून प्रिस्काने पाणी सोडलं. सकाळी घरून चहासुद्धा न घेता निघायची आणि संध्याकाळी घरी पोचेपर्यंत कोरडी राहायची. उन्हाळ्यात तिचे ओठ फुटायचे. मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाने ती दोनदा आडवी झाली. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी सांगितलं की पाणी प्या, नाहीतर नोकरी सोडा, मूत्रपिंडं काही नवीन मिळत नाहीत.

नोकरी सोडायला ती तयार नव्हती. घरी बसून भावजयीच्या मिरच्यांची देठं खुडू का, असं तिने मला विचारलं होतं. तिने अर्ज केला. अर्जावर संचालक मंडळाने सहानुभूतीपूर्वक विचार केला, म्हणजे काहीच केलं नाही.

आता आमच्या दोन थोर माणसांची ओळख करून देते. चेअरमन ऑस्कर सर, निवृत्त मुख्याध्यापक. माईक दिसला की यांना उचकी लागल्यासारखे शब्द येतात, आणि हल्ली त्यातला लाडका शब्द ‘समावेशक’. मॅनेजर पियुष राऊत. त्यांचा लाडका शब्द ‘तात्पुरतं’. एकाने बोलायचं आणि दुसऱ्याने पुढे ढकलायचं, यावर आमची पतपेढी छान चाललेली आहे.

मग कुठल्याशा संस्थेने बक्षीस जाहीर केलं. दिव्यांगांसाठी उत्तम सोय असलेल्या कार्यालयाला ढाल आणि पेपरात फोटो. जे प्रिस्काच्या मूत्रपिंडांना जमलं नव्हतं ते ढालीने केलं. संचालकांचे डोळे एका बैठकीत उघडले. तळमजल्यावर, हॉलच्या कडेला टॉयलेट बांधलं गेलं. रुंद दार, भिंतीला धरायला दांडे, खुर्ची फिरेल इतकी ऐसपैस जागा, दारावर निळी पाटी. काम उत्तम झालं होतं, नाही कशाला म्हणू. प्रिस्का रोज येता-जाता त्या दाराकडे बघायची, सणाला शिवलेल्या कपड्यांकडे मुलं बघतात तशी.

बांधलं आणि वापरलं, असं आमच्याकडे होत नाही. मध्ये उद्घाटन लागतं. श्रावणात हॉलमध्ये सत्यनारायण झाला, ऑस्कर सरांनी चर्चमधून फादरना बोलावून पवित्र पाणी शिंपडून घेतलं, प्रिस्काच्या हातून फीत कापली. दोन्ही धर्मांनी मिळून एका टॉयलेटला इतका मान दिलेला मी तरी दुसरीकडे पाहिलेला नाही. पूजा आटोपल्यावर चौरंग, समया, कलश आणि मखर ठेवायचं कुठे, हा प्रश्न आला. नवीन खोली कोरी करकरीत होती. पियुष म्हणाले, तात्पुरतं इथे राहू दे. शिपाई बाबूने सामान आत लावलं आणि किल्ली पियुषच्या जुडग्यात गेली.

दुसऱ्या दिवशी प्रिस्काने किल्ली मागितली. पियुष तिच्या टेबलाशी वाकून, हळू आवाजात म्हणाले, “मॅडम, आत देवाचं सामान आहे. तुम्हीच सांगा, बरं दिसतं का?”

मग सामान बाहेर काढा, असं ती म्हणाली. काढून ठेवायचं कुठे, असं ते म्हणाले. तिने चेअरमनच्या केबिनकडे बोट दाखवलं. ऑस्कर सर महिन्यातून दोन-तीनदा येतात, बाकी वेळ तिथे पंखा फिरतो. पियुषना ते इतकं लागलं की चेअरमनची केबिन म्हणजे काय अडगळ आहे का, असं ते दिवसभर ज्याला-त्याला विचारत होते.

पावसात पोटमाळा गळला. तिथे नाताळचा गोठा ठेवलेला असायचा, दरवर्षी हॉलमध्ये मांडतो तो. तोही तात्पुरता खाली आला. म्हणजे आता चौरंगाशेजारी मरियामाता, जोसेफ, गाय, गाढव, उंटासकट तीन राजे आणि रुमालात गुंडाळलेला बाळ येशू. प्रिस्का पुन्हा विचारायला गेली तेव्हा ऑस्कर सर दुखावल्या आवाजात म्हणाले, अगं, बाळ येशू आहे आत. तू तरी असं बोलू नकोस.

टॉयलेटात देव ठेवल्याचं कोणाला काही वाटत नव्हतं का? नव्हतं. कारण ते अजून कोणी वापरलेलंच नव्हतं, म्हणून ती खोली चोख होती. प्रिस्का जात नाही म्हणून खोली पवित्र, आणि खोली पवित्र म्हणून प्रिस्काने जायचं नाही. एवढी अक्कल एका ठिकाणी गोळा झालेली पाहून मला रडावं की हसावं ते कळेना. प्रिस्का मात्र त्यावर गप्प बसून विचार करत राहिली. ती गप्प बसली की कुणातरी थकबाकीदाराची वेळ भरलेली असते.

डिसेंबरच्या सुरुवातीला अपंग दिन आला. बक्षीस देणाऱ्या संस्थेच्या बाई पाहणीला येणार आणि त्याच कार्यक्रमात प्रिस्काचा सत्कार, असं ठरलं. टॉयलेटच्या दाराला झेंडूचं तोरण लावलं, म्हणजे कोणी उघडायला जाणार नाही. हॉलमध्ये व्यासपीठ आलं. त्याला पायऱ्या होत्या. दिव्यांगांच्या सत्काराला पायऱ्यांचं व्यासपीठ, आणि हे सुचलेली माणसं समोरच्या रांगेत अत्तर लावून बसलेली.

त्या सकाळी प्रिस्का मोठी बाटली घेऊन आली आणि टेबलावर ठेवून पाणी पिऊ लागली. आधी घोट घोट, मग गटागटा. बाटली संपली तेव्हा माझी मागून घेतली. वेड लागलं का, असं मी विचारलं. ती म्हणाली, “जागृती, एकदा वापरलं की पुन्हा त्यांना आत देव ठेवता येणार नाहीत. मला एकदाच पुरे.”

तेव्हा मला कळलं की ती काय डाव खेळते आहे. आणि डाव चुकला तर काय, तेही कळलं. पियुषनी वेळ मारून नेली असती, किल्ली सापडत नाही म्हटलं असतं, तर भरल्या हॉलमध्ये, सगळ्या गावासमोर तिची काय शोभा झाली असती. तिने त्यानंतर या ऑफिसात पाऊल टाकलं नसतं. मी देवाला हात जोडले. कुठल्या ते विचारू नका, सगळे तोरणामागेच बंद होते.

भाषणं लांबली. ऑस्कर सरांनी प्रिस्काला प्रेरणा म्हटलं, दीपस्तंभ म्हटलं, आणखी काय काय म्हटलं. मी तिच्या हातांकडे बघत होते. खुर्चीच्या दांड्यांवर तिची बोटं पांढरी पडली होती. मग चार जण तिला खुर्चीसकट उचलायला पुढे आले. तिने मान हलवली आणि ज्यांना सत्कार करायचाय त्यांनी खाली यावं असं सांगितलं. त्यामुळे शाल आणि श्रीफळ पायऱ्या उतरून आले. दोन शब्द बोला म्हणून ऑस्कर सरांनी तिच्या हातात माईक दिला. माणसाने एकदा तरी विचार करून माईक द्यावा.

ती म्हणाली, “शालीबद्दल आभार. मी आज सकाळपासून भरपूर पाणी प्याले आहे. मला टॉयलेटला जायचंय. पियुष सर, दार उघडता का? मी थांबते.”

पियुषनी खिसे चाचपले. ऑस्कर सर दुसरं भाषण सुरू करायला निघाले, पण माईक प्रिस्काच्या मांडीवर. संस्थेच्या बाई कौतुकाने म्हणाल्या, हो हो, आम्हालाही बघायचंच आहे. मग काय, किल्ली लगेच सापडली.

बाबूने तोरण सारून दार उघडलं. आधी मखर बाहेर आलं, मग चौरंग, समया. बाबू एकेक वस्तू नेऊन व्यासपीठाच्या कडेला मांडत होता. मग गाय आली, गाढव आलं. तीन राजे एकामागून एक उंटांसकट पाहुण्यांसमोरून गेले. शेवटी बाबू बाळ येशूला दोन्ही हातांवर घेऊन निघाला, तेव्हा पुढच्या रांगेतल्या दोन बायका सवयीने उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी क्रूसाची खूण केली. ऑस्कर सरांचा चेहरा मी आयुष्यात विसरणार नाही, आणि विसरायची इच्छाही नाही.

प्रिस्का आत गेली. दार लागलं. बाहेर आम्ही सगळे तीन राजांकडे बघत बसलो.

ती बाहेर आली तेव्हा संस्थेच्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. त्यांना ते प्रात्यक्षिक वाटलं. मग सगळ्यांनीच वाजवल्या, संचालकांनी सर्वांत जोरात. ढाल आमच्या पतपेढीला मिळाली, बरं का. पेपरातल्या फोटोत ऑस्कर सर ढाल धरून हसताहेत आणि मागे एक उंट दिसतो. लाज नावाची वस्तू आमच्याकडे कुठल्याच खोलीत ठेवलेली नाही.

पण प्रिस्काचा हिशेब बरोबर निघाला. संध्याकाळी बाबू चौरंग उचलून त्या दाराकडे निघाला तर खुद्द पियुषनीच त्याला अडवलं. आता तिथे देव कसे ठेवायचे? प्रिस्काने किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली, आणि ती परत मागायचा कोणाला धीर झाला नाही. पोटमाळा अजून गळतोच. तेव्हा सगळं सामान तात्पुरतं चेअरमनच्या केबिनमध्ये गेलं.

पुढच्या बैठकीला ऑस्कर सर आले. दार अर्धंच उघडलं, कारण मागे मखर होतं. ते पोट आत ओढून शिरले, एका उंटाला अडखळले, चौरंगाला वळसा घालायला गेले आणि खुर्चीपर्यंत काही पोचेनात. तिथूनच ओरडले, “अरे, माणसाने इथे जायचं-यायचं कसं? कोणी विचार केलाय का याचा?”

हॉलमध्ये सगळे खाली माना घालून काम करू लागले. प्रिस्काने बाटलीतलं पाणी ग्लासात ओतलं, सावकाश पिऊन संपवलं, आणि बाबूला म्हणाली, “सरांना पाणी दे जरा. बराच वेळ अडकलेत.”