स्टेशनकडं बघणारा मोर

मोरानं कुठं बघायचं, यावरून आमच्या चौकात भांडण लागलं होतं. गिरणीमागच्या वस्तीनं मिळून पाण्याचा हौद बांधला, त्याच्या भिंतीवर चित्र हवं म्हणून मला बोलावलं. मुंबईत बड्या लोकांच्या घरांत फरश्या बसवता बसवता मी तुकड्यांची चित्रं करायला शिकलो होतो. फुटक्या कपबश्या, बरण्या, काचा, मिळेल ते छाटायचं आणि जोडायचं. सोलापुरात याला मोझेक कोण म्हणतो? खापऱ्यांचा कारभार म्हणायचे. म्हणोत बापडे. तर हौदाच्या कमिटीतले शहाणे म्हणाले, मोरानं बाजाराकडं बघावं, तिकडं लक्ष्मी असते. मोराला लक्ष्मीशी काय घेणं, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण अडला हरी गाढवाचे पाय धरी. मी मान डोलावली.

पांढरा, निळा पुष्कळ मिळाला, हिरव्याची मात्र बोंब. म्हणून बायकांना सांगितलं, बांगडी वाढली की तुकडे टाकू नका, मला आणून द्या. बायका हसत हसत पदरातून काचा आणायच्या आणि आपली काच मोराच्या कुठल्या पिसात बसली ते विचारून डोकं खायच्या.

मग एक दिवस हौदासमोरच्या घरातली धाकटी सून आली. तिचा नवरा मुंबईला गिरणीत गेला होता. तिकडं पटकीची साथ आली. त्याला आजाऱ्यांच्या गाडीत घालून नेताना वस्तीतल्या एकानं पाहिलं, त्यापुढं पत्र नाही, निरोप नाही. घरच्यांनी पुष्कळ वाट बघितली. शेवटी पळसाच्या पानांचा पुतळा केला, त्याला त्याचं धोतर गुंडाळलं आणि मसणात नेऊन जाळला. प्रेत मिळालं नाही की असंच करतात. त्याच दिवशी सासूनं उंबऱ्यावर तिचे हात धरून दगडानं बांगड्या फोडल्या. तेच तुकडे तिनं फडक्यात बांधून आणले होते.

सवाष्णीची बांगडी वाढते, ह्या फोडलेल्या होत्या. मी म्हटलं, बाई, असल्या काचा पाणवठ्यावर लावल्या तर वस्ती मला उभा जाळील. ती रडली नाही की हलली नाही.

"मोराच्या डोळ्यात बसवा," ती म्हणाली. "आन् त्याला टेसनाच्या वाटंकडं बगू द्या. ते मेलं न्हाईत."

माझा विश्वास बसला असं नाही. कीव आली, आणि कमिटीचा राग तर होताच. या कामात एक गंमत असते. तुकडे भिंतीवर सुटे लावत नाहीत. आधी जाड कागदावर खळीनं पालथे चिकटवायचे, मग अख्खा कागद ओल्या चुन्यावर दाबायचा आणि वाळल्यावर कागद सोलायचा. त्यामुळं कागदावर जे डावीकडं, ते भिंतीवर उजवीकडं येतं. कमिटी बघायला आली तेव्हा कागदावरचा मोर बाजाराकडं बघत होता. मंडळी खूश होऊन गेली.

कागद सोलायच्या दिवशी संध्याकाळी मी एकटाच होतो. पाणी मारलं. कागद नेहमी कडेनं सुटतो. सारा जन्म या कामात गेला, कडेनंच सुटत आलाय. त्या दिवशी तो मध्येच फुगला, टरकला, आणि तेवढ्या भोकातून एकटा हिरवा डोळा बाहेर आला. बाकी सगळा तपकिरी ओला कागद. खोटं कशाला बोलू, माझ्या अंगावर सरसरून काटा आला.

मोर स्टेशनकडं बघतोय म्हणून कमिटीनं थयथयाट केला, पण चुना धरला होता. मग बायकांची कुजबुज सुरू झाली की सगळी भिंत तापते, डोळा तेवढा गार असतो. मी वैतागलो. म्हटलं, काच ती, गार लागणारच. भर उन्हात जाऊन हात लावला. शेजारच्या काचेचा चटका बसला. डोळा गार होता.

मी शिडीवर चढून कडेची वेलबुट्टी भरत होतो तेव्हा तो आला. दिवस कलला होता. स्टेशनच्या रस्त्यानं एक वाळलेला, डोई भादरलेला माणूस चालत आला, तशा बायका घागरी टाकून मागं सरल्या. कुणीतरी म्हणालं, पानांचा आला. मी आधी त्याच्या पायांकडं बघितलं. पावलं सरळ होती, टाचांना भेगा होत्या. तरी मी खाली उतरलो नाही.

तो घरी गेला. थोरल्या भावानं दार लावून घेतलं. भावाचं तान्हं मूल तापानं फणफणलं होतं. तो आतूनच म्हणाला, आमचा भाऊ आम्ही जाळलाय. भटजी येऊन तुला नव्यानं जन्माला घालतील, बारसं करतील, तोवर उंबऱ्यात पाय टाकू नको. वाईट माणूस नव्हता तो, घाबरला होता. परत येऊन हा हौदापाशी मोराखाली बसला. तहानलेला होता, पण पाण्याला हात लावायचं त्याला धाडस होईना.

तेवढ्यात त्याची बायको घागर घेऊन आली. मागं सासू. सुनेनं आधी मोराच्या डोळ्याकडं बघितलं, मग त्याच्याकडं. घागर काठोकाठ भरली.

"हात लावा," ती त्याला म्हणाली.

तो उठला. दोघांच्या अंगावर पाणी सांडलं, पण घागर तिच्या डोक्यावर चढली. तशीच ती आमच्याकडं वळली.

"मेलेल्या मानसाला भरली घागर उचलती व्हय?"

सासूचे ओठ हलले, पण ती आमच्यातच उभी राहिली. एक पाऊल पुढं टाकलं असतं तर पुरे होतं. सुनेनं घागर बंद दारासमोर उतरवली आणि दोघं स्टेशनच्या रस्त्यानं निघून गेली.

मूल बरं झालं. भटजी आले, पाळणा बांधला, पण तो निघून गेलेला, बारसं कुणाचं करणार? पुढं कळलं, तो कुर्डुवाडीला रेल्वेच्या कारखान्यात लागला. सासूनं निरोपावर निरोप धाडले. ती दोघं आली नाहीत.

मग म्हातारी माझ्याकडं आली. त्या काचा काढून दे म्हणाली, माझ्या हातानं फोडल्या, मीच नेऊन देते. मी छिन्नी लावली. आजूबाजूचे तुकडे उडाले, डोळा निघाला नाही. राहू दे, म्हणाली.

फार दिवसांनी एका उन्हाळ्यात मी त्या चौकातून गेलो. डोळ्याला हात लावला, तर चांगला चटका बसला. म्हातारी हौदाच्या कट्ट्यावर उन्हात बसली होती, तोंड स्टेशनच्या रस्त्याकडं.

"आली का रं गाडी?" तिनं विचारलं.

आता गाडी नाही, घरी चल, म्हणून मी तिला उठवायला हात दिला. तिचा हात गार होता.