मापातला अंगठा

मालवणात तेव्हा दिवाळीनंतर तंबूतला सिनेमा यायचा. एकदा समाजाची टर उडवणारा सिनेमा बघायला गेलो. शेजारी वाळूवर एक अनोळखी, जाडसर गृहस्थ बसले होते. पडद्यावरचा वाणी मापात अंगठा घालून तांदूळ मोजू लागला, तसं मागून कुणीतरी ओरडलं, "आचऱ्याच्या शेटानू, बघतास मा?"

सगळा तंबू हसला. गृहस्थांनी दोन्ही हात मांडीखाली सरकवले आणि मान खाली घातली. मला वाटलं, हे आता उठून जाणार.

पण वाण्याला तिथेच सोडून सिनेमा पुढाऱ्याकडे वळला. मग भोंदू बुवा, हुंडा मागणारा सासरा, लाचखाऊ कारकून, रडका कवी. कुणापाशी म्हणून धड थांबेना. गृहस्थांची मान हळूहळू वर आली, हात बाहेर आले. कारकुनाच्या फजितीला तर सगळ्यांत मोठ्या टाळ्या त्यांच्याच.

बाहेर पडताना मी चिडून म्हटलं, "सगळ्यांवर बोलायला गेला आणि एकावरही धड बोलला नाही."

"माका तर बरो वाटलो," धोतराची वाळू झटकत ते म्हणाले. "सुरवातीक काळीज धडधडला. म्हटला, आता माकाच धरून बसतलो. पण एकेक चापट सगळ्यांकाच बसली. मगे माका एकट्याक कित्याक लागतली?"

पुड्यातले मूठभर शेंगदाणे त्यांनी माझ्या हातावर ठेवले. तो अंगठा आता अगदी निवांत होता.

"उद्या बायलेक घेवन येतलंय," ते म्हणाले.