हिराबाईंसाठी जवळची सोय

हिराबाईंचा फोन चौथ्यांदा त्यांच्या सासऱ्यांनी उचलला. मी चौथ्यांदा ‘राँग नंबर’ म्हणून ठेवला. आमच्या एआरटी सेंटरचं नाव घरच्यांना सांगायचं नाही, हा पहिला नियम.

एआरटी म्हणजे एचआयव्हीवरची रोजची गोळी. ती नेमाने घेतली तर माणूस शेती-संसार सगळं करतो. खंड पडला की विषाणू वाढतो आणि तीच गोळी पुन्हा लागू पडेलच असं नाही. हिराबाईंचा आठ वर्षांत एक डोस चुकला नव्हता. आता गोळ्या संपून तीन आठवडे झाले होते, तेही माझ्या कृपेने.

पुण्यातल्या सरकारी हॉस्पिटलात मी काउन्सेलर. हिराबाई गावाहून दोन बस बदलून येत. नवरा याच आजाराने गेलेला. गावात कावीळ सांगितलेली. तालुक्याला गोळ्या मिळू लागल्या तशी मी त्यांची फाइल तिकडे पाठवली. याला ‘ट्रान्सफर आउट’ म्हणतात. ‘इथंच ऱ्हाऊ द्या की,’ त्या म्हणाल्या होत्या. मी त्यांना प्रवासाचा त्रास समजावला. जणू तो मीच करत होते. मग तालुक्याहून कळलं, त्या तिकडे गेल्याच नाहीत.

त्या दर शनिवारी पुण्यात मंडईबाहेर मेथी विकतात हे ठाऊक होतं. त्या शनिवारी सकाळी गेले. चारचौघांत पेशंटला ओळख द्यायची नाही, म्हणून गिऱ्हाईक झाले.

“जुडी कशी दिली?”

त्यांनी मला ओळखलं. जुड्या लावत हळूच म्हणाल्या, “तिथं तालुक्याला खिडकीवर माझी जाऊ बसती, म्याडम. केसपेपर तीच लिहिती. पोरीची सोयरीक ठरलीया. ह्ये कळलं तर मोडंल.”

“मग इकडे यायचं ना!”

“तुमीच म्हनला, आता तिकडंच जायाचं.”

मला लाज वाटली. मंडईच्या नावाखाली त्या आठ वर्षं गोळ्या नेत होत्या आणि घरात कुणाला संशय नव्हता. ते मी एका फॉर्मवर बंद केलं होतं.

दुपारी सरांकडे गेले. सर म्हणजे आमचे मेडिकल ऑफिसर.

“परत घ्यायचं? अहो, ट्रान्सफरचं टार्गेट आहे आपल्याला.”

“सर, फाइल गेलीय. बाई गेल्याच नाहीत.”

सरांनी माझ्याकडे न बघता सही केली. त्याच दिवशी गोळ्या सुरू झाल्या.

पुढे व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूंची मोजणी केली. नशीब, जुनीच गोळी लागू पडली होती. पोरीचं लग्नही झालं. मानपानात जाऊबाई सगळ्यांत पुढे होत्या म्हणे.

हल्ली ट्रान्सफरचा फॉर्म भरताना मी आधी अंतर विचारत नाही. तिकडे खिडकीवर कोण बसतं, ते विचारते.