साडूचं सीताफळ आणि माझी काळी माती

साडूच्या सीताफळाला माझी नजर लागली, असं आमच्या दोन्ही घरांत पक्कं ठरलेलं आहे. ते साफ खोटं आहे. मी जळत होतो, हे कबूल. पण नजर माझी नव्हती!

मूळ घोळ प्लॉट घेतानाच झाला. पुंडलिकनगरच्या पुढं दोन प्लॉट शेजारी शेजारी मिळत होते. एक मी घेणार, दुसरा माझे साडू बाबाराव. (त्यांची बायको म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, अक्का.) मी पडलो शेतकऱ्याचा पोरगा. प्लॉटवर उकिडवा बसलो, मूठभर माती कुस्करली, हुंगली. काळीभोर, लोण्यासारखी!

"हा माझा," मी जाहीर केलं. "बाबाराव, तुम्ही तो मुरमाचा घ्या."

"बरं," बाबाराव म्हणाले. जन्मभर बँकेत बसलेला माणूस, त्याला मातीतलं काय कळणार!

आपल्याला घर बांधायचंय, कापूस लावायचा नाही, हे मला घर बांधून झाल्यावर सुचलं. पावसाळ्यात काळी माती फुगली की आमचं दार लागेना. उन्हाळ्यात ती आक्रसली की भिंतीला अशी भेग पडे, की पलीकडे स्वयंपाक करणारी बायको दिसे. (चहा मागायला सोय झाली, एवढंच.) मुरमावरचं बाबारावांचं घर मात्र ओळंब्यात उभं!

खरी बेइज्जती केली शोषखड्ड्यानं. संडासाच्या टाकीतलं पाणी या खड्ड्यात जातं आणि जमिनीत मुरतं. आमची माती एकदा भिजली की थेंब आत घेईना. टाकी तुंबली. भर पावसात आमचं अख्खं कुटुंब सकाळी बादल्या घेऊन बाबारावांच्या दारात!

"या, या, साडूभाऊ," ते पेपर बाजूला सारून म्हणायचे. "लाजू नका. आमचा मुरूम लई पितो बघा. कितीबी सोडा."

वर त्यांनी अंगणात सीताफळ लावलेलं. मुरमात ते तरारलं. माझे गुलाब चिखलात कुजले.

"दाजींच्या हाताला गुणच लई," बायको म्हणाली. "तुम्ही निवडुंगाला हात लावला तरी वाळंल!"

हे फार झोंबलं. पुन्हा त्या दारात बादली घेऊन जायचं नाही, असं मी ठरवलं. बाबाराव सहकुटुंब पैठणला गेले, तेव्हा मी गुलाबांच्या नावाखाली चर खणला, आमच्या टाकीचा पाइप भिंतीखालून नेला आणि त्यांच्या मुरमात सोडला. लई पितो ना? पी म्हणावं!

आमचा संडास झकास चालू झाला. मी छाती काढून फिरू लागलो.

पाइपचं तोंड नेमकं सीताफळाच्या मुळाशी उघडलंय, हे दसऱ्याच्या सुमारास लक्षात आलं. फळं लागली ती नारळाएवढी! वाळूजच्या कारखान्यांतून शिफ्ट करून येणारे लोक गाडी थांबवून बघायचे. बाबाराव तर आमच्या काळ्या मातीपेक्षा जास्त फुगले. पहिली टोपली अर्थात आमच्याकडे.

"खा की," बायको म्हणाली.

"मला शुगर आहे."

"कधीपासून?"

"आत्ताच झाली."

"शुगर नाय, जळका सोभाव हाय तो!" असं म्हणून तिनं चौथं फोडलं. मला सांगवेना आणि बघवेना.

पुढं गल्लीत ड्रेनेज लाइन आली. मी तिला जोडणी घेऊन गुपचूप तो पाइप बुजवला. त्या साली सीताफळं लिंबाएवढी! अक्कानं झाडावरून मीठमिरच्या ओवाळून जाळल्या. ठसका उठला नाही.

"नजर जबर हाय," अक्का म्हणाली, "आन् घरातलीच हाय." सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी कुंपणावरच्या निवडुंगाकडं पाहिलं.

परवा त्याच झाडाखाली बाबाराव म्हणाले, "साडूभाऊ, माझ्या हातचा गुण गेला हो." त्यांचा उतरलेला चेहरा पाहून मला गलबलून आलं. म्हणून आज लिहूनच टाकतो.

बाबाराव, तुमच्या हाताला कधीच गुण नव्हता! ती फळं म्हणजे आमच्या घरातल्या लहानथोरांनी रोज सकाळी, न चुकता, बसून केलेली मेहनत होती. आणि बायकोनं आता तरी मान्य करावं, की त्या सीताफळांमागं माझाही हात होता.

(हातच म्हणू. चारचौघांत तेवढंच बरं दिसतं.)