क्लचला तेल नको

१३ जानेवारी १९८७, भोगी. तीळ भाजून ताटात पसरले होते, बाजरीच्या भाकऱ्या थापायच्या होत्या आणि त्याआधी सासऱ्यांच्या मोटारीचा क्लच खोलायचा होता.

मोटार हातभर लांबीची, लाल. धाकट्या दिरांनी दुबईहून आणलेली. सेलवर चालणारं खेळणं नव्हे. तिला पेरूएवढं खरं इंजिन होतं, ते नायट्रो मिसळलेल्या इंधनावर चाले आणि हातातल्या रेडिओच्या पेटीवरून ती पळवता येई. दिरांनी ती मुलांसाठी आणली होती. मामंजींनी पहिल्याच दिवशी ताब्यात घेतली.

मामंजींची सगळी नोकरी भुसावळला रेल्वेच्या वाफेच्या इंजिनावर ड्रायव्हर म्हणून गेली. ह्यांची जयपूरला बदली झाली तेव्हा तेही आमच्याबरोबर बनी पार्कातल्या भाड्याच्या घरात आले आणि वर्षभर नुसते बसून राहिले. मोटार आली तसे पहाटे उठून, आंघोळ करून ड्यूटीवर निघाल्यासारखे अंगणात जाऊ लागले. त्यामुळे मोटारीबद्दल माझी तक्रार नव्हती. धुराला जळक्या एरंडेलाचा वास येई, तेवढं सोडून.

पण आदल्या रविवारी मराठी मंडळाच्या मेळाव्यात घोटाळा झाला. सगळ्यांसमोर मामंजींनी इंजिन सुरू केलं, वेग दिला, इंजिन किंचाळलं आणि मोटार जागची हलली नाही. आमच्या मागच्या गल्लीत रेल्वेतले एक रिटायर्ड गार्ड राहत. मूळचे रतलामचे, मामंजींचे रोजचे फिरायचे सोबती. ते मोठ्यानं म्हणाले, "लिहून घ्या, इंजिन फेल."

सगळे हसले. मामंजी हसले नाहीत. अख्ख्या नोकरीत त्यांचं एकही इंजिन वाटेत बंद पडलं नव्हतं. त्या संध्याकाळपासून दोघांचं स्टेशनपर्यंतचं फिरणं बंद झालं. मंडळाचे मेळावे सोडले तर जयपुरात घराबाहेर मामंजींना रोज मराठी बोलायला तेवढा एकच माणूस होता. आता ते दिवसभर माझ्या स्वयंपाकघरात बसत आणि कुकरच्या शिट्यांवर देखरेख करत. असंच चालू राहिलं असतं, तर आमच्या दोघांपैकी एकाला घर सोडावं लागलं असतं.

म्हणून मी म्हटलं, "आणा ती मोटार. बघू."

"सूनबाई, क्लच आहे तो. कुकर नव्हे."

"कुकर मीच दुरुस्त करते. शिलाईचं मशीनही. आणा."

स्वयंपाकघरातच वर्तमानपत्र पसरून आम्ही बसलो. क्लचची डबी एका बारीक कडीनं दांड्यावर अडकवलेली होती. मामंजींनी ती कडी स्क्रू-ड्रायव्हरनं उचकटली. ती टणकन उडाली आणि तिळांच्या ताटात गेली.

"हलू नका," मी म्हटलं.

"मी कुठं हलतोय."

"उद्या कुणाच्या दाताखाली आली तर मंडळात दुसरी बातमी होईल." टाचण्या गोळा करायला माझ्या शिवणाच्या डब्यात लोहचुंबक असे. तो तिळांवरून फिरवला. कडी चिकटून वर आली. रविवारनंतर मामंजी प्रथमच हसले.

डबी निघाली. आत दोन छोटे कमानदार तुकडे होते. फुगडीचा वेग वाढला की अंग जसं मागे झुकतं, तसे इंजिनाचा वेग वाढला की ते तुकडे बाहेर रेटले जायचे, डबीला आतून घट्ट धरायचे आणि डबी फिरून चाकं फिरायची. ही रचना मामंजींनी मला चांगली समजावून सांगितली. मग मी डबीच्या आत बोट फिरवलं. बोट तेलानं माखून निघालं.

"हे तेल कुणी घातलं?"

"मी. रोज घालतो."

"इथं?"

"सगळीकडं. फिरणाऱ्या प्रत्येक भागाला तेल. इंजिन शेडमधून बाहेर काढायच्या आधी आम्ही झारी घेऊन सगळ्या इंजिनाभोवती फिरायचो. तेलावाचून यंत्र म्हणजे मिठावाचून आमटी."

"मामंजी, माझ्या मशीनच्या चामड्याच्या पट्ट्याला तेल लागलं की काय होतं?"

"घसरतो."

"मग पाय कितीही मारा, सुई हलते का?"

त्यांनी डबीकडं पाहिलं, तुकड्यांकडं पाहिलं. मग सावकाश म्हणाले, "पण कोरडं लोखंड चालवायचं म्हणजे मनाला पटत नाही हो."

"मनाला नाही पटलं तरी चालेल. चाकाला पटलं पाहिजे."

स्टोव्ह पेटवायचं स्पिरिट होतं. त्यात चिंधी बुडवून डबी पुसली, तुकडे पुसले, काचेसारखा गुळगुळीत झालेला त्यांचा पृष्ठभाग बारीक पॉलिश पेपरनं खरवडला. हे काम मामंजींनी केलं, माझ्यापेक्षा नीट. डबीच्या टोकाला एक इवलंसं बेअरिंग होतं, ते मात्र करकरत होतं. "इथं घाला," मी म्हटलं. "एकच थेंब. स्वेटरच्या सुईच्या टोकावरून." त्यांनी तो थेंब असा घातला, जणू देवाला गंध लावतायत. जोडणी करताना कडीवर मी तळहात धरला.

अंगणात दोरी ओढली. इंजिन सुरू झालं, मोटार शहाण्यासारखी जागेवर उभी राहिली. वेग दिला तशी ती सुटली ती थेट तुळशीच्या कुंडीपर्यंत. कुंडीचा कान उडाला.

भाकरी खाताना मामंजी म्हणाले, "उद्या संक्रांत. सगळं जयपूर पतंग घेऊन छतावर असेल. रस्ता मोकळा मिळेल."

"मग काढा गाडी."

"गार्डाशिवाय गाडी सुटत नाही."

"बोलवा त्यांना."

"ड्रायव्हर गार्डाला बोलवायला जात नाही. गार्डानं आपल्या जागी हजर असायचं असतं." आणि त्यांनी आणखी लोणी मागितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठल्याउठल्या मामंजींची तेलाची झारी तांदळाच्या डब्यात लपवली. मग तिळगुळाची वाटी घेऊन मागच्या गल्लीत गेले. गार्डसाहेब ओसरीत पेपर धरून बसले होते. मला पाहून पेपर जरा वर गेला.

"गार्डसाहेब, गाडी तयार आहे. गार्ड नाही म्हणून लेट झाली तर ठपका कुणावर?"

पेपर खाली आला. "मतलब, चालते आता?"

"आमच्या तुळशीच्या कुंडीला विचारा."

"ड्रायव्हरसाहेबांनी पाठवलं?"

"नाही. ते शिटी ऐकायची वाट बघतायत."

त्यांनी आत बायकोला हाक मारली, "अगं, माझी शिटी कुठंय? आणि हिरवी झंडी?"

काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "झंडी रिटायर होताना जमा केलीत की. आता हिरवं कापड कुठून आणू?" मग हळदीकुंकवाला आणलेल्या खणांतला एक हिरवा खण घेऊन बाहेर आल्या. "मळवायचा नाही. संध्याकाळी ओटीत घालायचाय."

गार्डसाहेबांनी खण झटकून पाहिला, शिटी गळ्यात अडकवली आणि चपला घातल्या. मी तिळगुळाची वाटी काकूंच्या हातात दिली आणि गार्डसाहेबांच्या आधी घरी पोचून तवा तापत ठेवला. गुळाच्या पोळ्या व्हायच्या होत्या, आणि आता दोन जास्त लागणार होत्या.